लंगोटावरचा पिवळा डाग

गेल्या पंधरवड्यात एक तरुण आई तीन आठवड्यांचे बाळ घेऊन दवाखान्यात आली होती. बाळाचे डोळे पिवळसर दिसत होते. "घरचे म्हणतात, कोवळ्या उन्हात ठेवलं की जाईल," ती म्हणाली. मी बाळाला हात लावण्याआधी विचारले, "शी कोणत्या रंगाची होते?" ती बुचकळ्यात पडली. कावीळ डोळ्यांत आणि डॉक्टर शीची चौकशी करतात, असे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. शी मोहरीसारखी पिवळी होती. मला हायसे वाटले, तरीही रक्ताची एक तपासणी लिहून दिली. तीही व्यवस्थित आली.

हा प्रश्न सर्वांत आधी विचारायचा, हे मला एका आजींनी शिकवले. त्या घराच्या परवानगीने ती हकिकत आज वाचकांना सांगत आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

२००८ सालचा आषाढ. तालुक्यातल्या एका वाडीवरची बाळंतीण सतरा दिवसांची मुलगी घेऊन आली. सोबत सासूबाई. मुलगी अंगाने बरी, दूध छान ओढणारी, रडणे खणखणीत. घरात तिला छकुली म्हणत, आपणही तेच म्हणू. फक्त डोळे पिवळे होते. निम्म्याहून अधिक नवजात बाळांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ होते आणि ती आपोआप ओसरते, हे आम्हा डॉक्टरांचे पाठ असते. मी पोट चाचपले आणि म्हणालो, "काळजीचं कारण नाही. कोवळ्या उन्हात ठेवत जा." आजी म्हणाल्या, "डाक्टर, आषाढात ऊन कुठलं आणायचं?" सगळे हसलो. आज ते हसू आठवले की मनाला बोचते.

दीड महिन्याच्या लशीला ती मंडळी पुन्हा आली. आजींनी पिशवीतून लंगोटांची घडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. "ह्ये बघा. तीनदा साबण लावला, उकळून काढलं, तरी मुताचा पिवळा डाग जात न्हाई. माझी पाच पोरं झाली. तान्ह्या पोराच्या मुताला रंग नसतोय. आन् ही शी बघा, शाडूगत." सकाळची शी त्यांनी एका लंगोटात गुंडाळून आणली होती. खरोखरच गणपतीच्या शाडूसारखी, करडी-पांढरी. पदवी माझ्या भिंतीवर टांगलेली होती, पण निदान अंगठा उठवणाऱ्या त्या बाईने केले होते.

यामागचे कारण समजायला अवघड नाही. यकृत पित्तरस तयार करते आणि तो बारीक नळ्यांतून आतड्यात उतरतो. (जेवण चुकले की आपण 'पित्त झाले' म्हणतो, ते पोटातले आम्ल. त्याचा इथे संबंध नाही.) शीला पिवळा, हिरवा किंवा तपकिरी रंग येतो तो या पित्तरसामुळे. नळी बंद असेल तर पित्त आतड्यात उतरत नाही, शी पांढुरकी होते. तेच पित्त रक्तात तुंबते आणि लघवीवाटे बाहेर पडते, म्हणून लघवी गडद होते आणि लंगोटावर डाग पडतो. साध्या नवजात काविळीत याच्या उलट असते. लघवी जवळजवळ बिनरंगी आणि शी पिवळीधमक. त्यामुळे बाळाची कावीळ चौदा दिवसांपुढे राहिली तर बिलिरुबिनची तपासणी करायची आणि त्यातला 'डायरेक्ट' हा भाग वेगळा मोजून घ्यायचा. तपासणी साधी आहे, तालुक्याच्या गावीही होते. डायरेक्ट बिलिरुबिन वाढलेले असेल तर ऊन, निळ्या दिव्याची पेटी, उसाचा रस यांपैकी कशाचाही उपयोग नाही. आणि शी पांढुरकी दिसली तर चौदा दिवसांचीही वाट पाहायची नाही.

छकुलीचे डायरेक्ट बिलिरुबिन वाढलेले निघाले. जिल्ह्याच्या गावी सोनोग्राफी झाली, मग पुण्याला आणखी तपासण्या झाल्या आणि आजाराला नाव मिळाले : बिलिअरी अट्रेशिया. जन्माच्या सुमारास पित्तनलिका आकसत, बंद होत जातात. साधारण दहा ते वीस हजार बाळांत एखाद्याला होणारा हा आजार. काहीच केले नाही तर यातली बहुतेक मुले दोन वर्षांपलीकडे जगत नाहीत. जपानच्या मोरिओ कसाई या शल्यविशारदाने १९५०च्या दशकात यावर शस्त्रक्रिया शोधून काढली. बंद नळ्या काढून टाकायच्या आणि आतड्याची एक घडी थेट यकृताच्या तोंडाशी जोडायची. मात्र ही शस्त्रक्रिया जितकी लवकर, तितकी यशाची शक्यता जास्त. साठ दिवसांच्या आत व्हावी, असे सांगतात. पैशांची जुळवाजुळव आणि खाट मिळण्याची वाट यांत दिवस गेले. छकुलीचे ऑपरेशन सहासष्टाव्या दिवशी झाले. सतराव्या दिवशी मी एक कागद लिहून दिला असता तर कितव्या दिवशी झाले असते, हा हिशेब मी पुष्कळदा केला आहे.

तैवानमध्ये २००४ पासून बाळाच्या आरोग्यपुस्तिकेतच शीच्या रंगांचे कार्ड असते. जपाननेही २०१२ पासून तसे केले. आई रंग जुळवून बघते आणि शंका आली की लगेच विचारते. आपल्याकडेही प्रत्येक प्रसूतिगृहाने बाळंतिणीला घरी पाठवताना असा एक रंगीत कागद हातात ठेवावा, असे मला मनापासून वाटते. त्याला खर्च तो किती?

ऑपरेशननंतर शी पिवळी झाली. त्या दिवशी छकुलीच्या वडिलांनी पेढे आणले. शीचा रंग बदलला म्हणून पेढे वाटणारा बाप मी आजवर तोच एक पाहिला. पण हे ऑपरेशन म्हणजे आजाराची अखेर नव्हे, हे पेढा हातात असतानाच त्यांना सांगावे लागले. पुष्कळ मुलांत पित्त वाहू लागले तरी यकृत आतून हळूहळू निबर होत जाते. म्हणजे आता एक दीर्घ मुदतीचा आजार घेऊन मूल वाढवायचे होते, आणि तेही वाडीवर.

पहिला घोटाळा झाला पथ्याचा. कावीळ म्हटली की आपल्याकडे हळद बंद, तेल बंद, तूप बंद. लाह्या आणि उसाचा रस चालू. छकुलीलाही भेटायला येणारा प्रत्येक जण एक पथ्य सांगून जाई. आठव्या महिन्यात मी तिला पाहिले तेव्हा वजन ठीक होते आणि दंड मात्र काडीसारखा. अशा मुलांत यकृत आणि प्लीहा वाढते, पोटात पाणी साचते, त्यामुळे वजनाचा काटा फसवतो. दंड फसवत नाही. अंगणवाडीत दंडाचा घेर मोजायची पट्टी असते, तिने दर महिन्याला मोजायला मी आईला शिकवले. दीर्घ यकृतविकाराच्या मुलाला इतर मुलांपेक्षा कमी नव्हे, उलट सव्वा ते दीडपट उष्मांक लागतात. डाळ, अंडी, मासे, दूध बंद करायचे नसते. पोटात पाणी असेल तेव्हा मीठ कमी, एवढेच. आणि तेही तज्ज्ञ सांगतील तेव्हा.

तेलाचा मात्र खरा प्रश्न असतो. पित्त कमी पडले की स्निग्ध पदार्थ पचत नाहीत. त्यावर नारळाचे तेल उपयोगी पडते, कारण त्यातली बरीच स्निग्धे पित्ताची फारशी मदत न घेता शोषली जातात. आमचा भाग शेंगदाण्याच्या तेलाचा. छकुलीची आई मऊ भातावर खाण्याचे खोबरेल घालते हे पाहून शेजारीण गावभर सांगत सुटली, "डोक्याला लावायचं तेल पोरीला चारतात!" आईने ऐकून घेतले आणि तेल चालू ठेवले. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही पित्ताशिवाय शोषली जात नाहीत, ती औषध म्हणून द्यावी लागतात. 'के' कमी पडले तर साध्या खरचटण्यातून रक्त थांबत नाही. या बाटल्या संपल्या म्हणून आठ-पंधरा दिवस राहू देणे योग्य नाही.

दुसरी गोष्ट खाज. पुस्तकात ती एका ओळीत असते. घरात ती अख्खी रात्र असते. पित्त अंगात साठले की अशी खाज सुटते की मूल स्वतःला रक्त येईतो ओरबाडते. औषधे आहेत, ती तज्ज्ञ देतात, पण प्रत्येकाला पुरेसा गुण येतोच असे नाही. या घराने रात्रीच्या पाळ्या लावल्या होत्या. वडील टेम्पो चालवत. ते दोनपर्यंत पाठीवर नुसता हात फिरवत बसत, दोननंतर आजी. आई मधली झोप काढी. नखे रोज कापलेली, जुन्या मऊ सुती साडीची झबली, कोमट पाण्याने अंग पुसणे. मी काही सांगितले नव्हते, त्यांचे त्यांनीच बसवले होते. मला ठाऊक असलेल्या दुसऱ्या एका घरात अशाच रात्रींनी नवरा-बायकोत बोलणे बंद झाले. तेव्हा आजारी मुलाच्या आईला 'मूल कसं आहे' एवढेच विचारू नका. 'तुम्ही रात्री किती झोपलात' हेही विचारा. मी ते फार उशिरा शिकलो.

आई फार शिकलेली नव्हती, पण तिची नोंद माझ्या केसपेपरपेक्षा चोख. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनांत आपण दुधाचा हिशेब लिहितो ना, तिथे ती रोज रंगीत खडूने ठिपका देई. शी पिवळी असेल तर पिवळा, फिकट असेल तर कोरा चौकोन, ताप आला की लाल. या ऑपरेशनच्या मुलाला ताप आला तर पित्तमार्गात जंतुसंसर्ग झाला आहे असे धरूनच चालावे लागते. साधा ताप म्हणून औषध देऊन उद्यापर्यंत थांबायचे नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. कपड्यांची एक पिशवी दाराच्या मागे कायम भरलेली असे. अडीच वर्षांत तीनदा ती पिशवी निघाली. शीचा रंग डांबरासारखा काळा झाला, रक्ताची उलटी झाली, मूल दिवसा झोपू आणि रात्री जागू लागले किंवा असंबद्ध वागू लागले, तरीही तीच घाई. आणि तापावर, दुखण्यावर दुकानातून परस्पर गोळी नको. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन तर नकोच. पॅरासिटॅमॉल डॉक्टरांनी मोजून दिलेलेच. नाकात रस पिळणे, मुळीची माळ, झाडपाल्याचा काढा यांबद्दल मी कुणाच्या श्रद्धेशी भांडत नाही. माळेने अपाय होत नाही. पण पोटात जाणारा अनोळखी पाला अर्धमेल्या यकृतालाच निस्तरावा लागतो.

घरात एक गोष्ट फार दिवस कुणी बोलत नव्हते. सून गरोदरपणी पपई खायची, अमावास्येला मळ्यात जायची, म्हणून असे झाले, अशी कुजबुज होती. सूनही मनातून तेच मानत होती. मी सर्वांना बसवून सांगितले की हा आजार आईच्या खाण्यापिण्याने होत नाही, सहसा आईबापांकडून येतही नाही. तेव्हा आजी एकाएकी म्हणाल्या, "माझं थोरलं पोर पन लिव्हरनंच गेलं. दोन वर्साचं होतं." छकुली जगणार नाही असे त्या पहिल्यापासून धरून चालल्या होत्या, ते का हे तेव्हा कळले.

त्या काळी 'पोराला लिव्हर झालं' हा घरोघरचा शब्द होता. त्या आजाराला इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस म्हणत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिले की त्याचा संबंध कल्हई नसलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यांत तापवलेल्या वा ठेवलेल्या दुधाशी आहे. दुधात तांबे उतरते आणि तान्ह्या यकृतात साठते. भांडी बदलली आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. (हल्ली तांब्याच्या भांड्यांची पुन्हा हौस आली आहे. पाण्याचे एक वेळ राहू द्या, पण बाळाचे दूध त्यांत घालू नका.) छकुलीचा आजार निराळा आहे, तिचे तसे होईलच असे नाही, एवढे समजावे म्हणून मी हे सांगितले. पण आजी माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हंजी पितळंच्या भांड्यानं... मीच?" उत्तर द्यायला मला वेळ लागला. "आजी, तेव्हा हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं," एवढेच म्हणालो. सुनेने त्यांच्या हातावर हात ठेवला. त्या दिवसानंतर पपईची कुजबुज थांबली, असे तिने मला पुढे सांगितले.

शाळेत घालायची वेळ आली तेव्हा आई तिला सोडायला तयार होईना. प्लीहा मोठी झालेली, पोटावर मार लागला तर धोका, हे खरे होते. पण म्हणून कोंडून ठेवणे हा उपाय नव्हता. मी बाईंना चिठ्ठी लिहिली : कबड्डी, कुस्ती, पोटाला धक्का लागेल असे खेळ नकोत, बाकी पळू द्या. डोळे पिवळे म्हणून मुले डबा वाटून खात नव्हती, तेव्हा स्वतः जाऊन सांगून आलो की हा आजार जेवणातून, खेळण्यातून लागत नाही. लशी सगळ्या वेळेवर दिल्या. हिपॅटायटिस ए, गोवर, कांजिण्या यांच्यासुद्धा. पुढे यकृत बदलायची वेळ आली तर गोवर-कांजिण्यांसारख्या जिवंत लशी आधीच झालेल्या बऱ्या.

या सगळ्यात तिचा थोरला भाऊ कुणाच्या लक्षात नव्हता. एकदा खोकल्यासाठी आला आणि मला हळूच विचारता झाला, "मला पण लिव्हर होईल का? मग आई माझ्यापाशी झोपेल." मी औषध लिहून दिले आणि आईला बोलावून घेतले.

२०१६ मध्ये छकुलीला रक्ताची उलटी झाली, पोटात पाणी भरले. यकृतरोपण हाच मार्ग उरला. बिलिअरी अट्रेशियाच्याच एका वीस महिन्यांच्या मुलावर १९९८ मध्ये दिल्लीत भारतातले पहिले यशस्वी बाल-यकृतरोपण झाले, यकृताचा तुकडा वडिलांनी दिला होता. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. हे मी त्यांना सांगितले आणि तो कागद वडील खिशात घेऊन फिरले. आईबाप, भावंडे यांना कायद्याने यकृत देता येते, २०११च्या दुरुस्तीने आजी-आजोबांनाही. आजींनी पुढे होऊन विचारलेही, पण वय बसत नव्हते. आईचा रक्तगट जुळला. दिलेला भाग काही आठवड्यांत बव्हंशी भरून येतो, तरी मोठी शस्त्रक्रिया ती मोठीच. खर्च पंधरा-वीस लाखांच्या घरात. अर्धा एकर गेले, मुख्यमंत्री सहायता निधी आणि धर्मादाय संस्थांकडे अर्ज झाले, गावाने वर्गणी काढली. "पोरीसाठी एवढं?" असेही एक-दोघे म्हणाले. त्यांना आजींनी दिलेले उत्तर या पानावर छापण्यासारखे नाही.

रोपण यशस्वी झाले. त्यानंतर नवे यकृत शरीराने झिडकारू नये म्हणून रोज बारा तासांच्या अंतराने गोळ्या, जन्मभर. आई सकाळी सात आणि संध्याकाळी सातला गोळी तळहातावर ठेवी. गणपतीतले पपनस बंद, कारण त्याने आणि ग्रेपफ्रूटने या औषधाची रक्तातली पातळी बिघडू शकते. आजी २०१९ मध्ये गेल्या.

छकुली आता सतरा वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिच्या रक्तातली औषधाची पातळी अचानक खूप खाली आली, यकृताचे आकडे वाढले. आई शपथेवर सांगत होती की गोळी रोज देते. मी मुलीला एकटीला आत बोलावले. संध्याकाळी सातला क्लास असे, मैत्रिणींसमोर गोळी घ्यायची लाज वाटे म्हणून आईने दिलेली पुडी ती वाटेत टाकून देत होती. "तुला काय झालं होतं, माहीत आहे?" मी विचारले. "लिव्हरचं काहीतरी," ती म्हणाली. आईचा व्रण तिने पाहिलेला होता, स्वतःचा रोज पाहत होती, पण आजाराचे नाव तिला कुणी सांगितलेच नव्हते. सतरा वर्षे सगळ्यांनी तिच्यासाठी इतके केले की तिने काही करायचे असते, हे सर्वांच्या ध्यानातून निसटले. माझ्यासुद्धा.

मग मी तिला सगळे सांगितले. आषाढ, लंगोट, शाडू, सहासष्ट दिवस. तिने नीट ऐकून घेतले आणि विचारले, "काका, तुम्ही सतराव्या दिवशी ओळखलं असतं तर?"

"ऑपरेशन आधी झालं असतं. कदाचित आईच्या यकृताची गरज इतक्या लवकर लागली नसती. नक्की सांगता येत नाही. पण चूक माझी होती."

ती काही बोलली नाही. टेबलावरचा कागद ओढून तिने आजाराचे नाव लिहून घेतले, माझ्याकडून ते दोनदा तपासून घेतले. पुण्याच्या डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ सहा आणि सहा केली, तिने तिच्या फोनवर गजर लावला. आईने दर रविवारी फक्त डबी बघायची, असे ठरले. आईला ते जड गेले.

पुढच्या महिन्याचा अहवाल तिने स्वतः वाचून मला फोन केला. पातळी जागेवर आली होती. "आईला मी सांगते हं," ती म्हणाली, "तुम्ही नका सांगू."